लोलक, लंबक आणि रूळ : मराठी शाळेतील भौतिकशास्त्राची वाटचाल

जुन्या वाड्यांच्या दिवाणखान्यांत टांगलेल्या झुंबरांना खाली काचेचे पैलूदार तुकडे लोंबत असत. मराठीत त्यांना लोलक म्हणतात. वाऱ्याच्या झुळकीने ते हलत, आणि उन्हाची तिरीप त्यांतून गेली म्हणजे भिंतीवर रंगांचे पट्टे उमटत. भौतिकशास्त्राची परिभाषा घडवताना मराठीने या वस्तूतली काच जणू उचलली. मराठी पाठ्यपुस्तकात लोलक म्हणजे पांढऱ्या प्रकाशातले रंग वेगळे करणारा त्रिकोणी काचतुकडा. हिंदीच्या वाट्याला त्याच शब्दातला झोका आला. हिंदी पाठ्यपुस्तकातला ‘सरल लोलक’ म्हणजे दोऱ्याला बांधून झुलवलेला गोळा, ज्याला मराठी विद्यार्थी लंबक म्हणतो. सुपेल्यासारख्या वस्तीत मराठी बोलणारे घर आणि हिंदी बोलणारे घर एकाच भिंतीला टेकलेले असते. तेथे एकाच वर्गाची दोन मुले ‘लोलक’ म्हणून दोन निरनिराळ्या वस्तूंविषयी बोलू शकतात आणि दोघांचेही पुस्तक बरोबर असते.

असे शब्द थोडेथोडके नाहीत. हिंदीत ‘भार’ म्हणजे वजन. मराठी विद्यार्थ्याला तो तरफेवर उचलायचा बोजा म्हणून भेटतो, आणि जुन्या मराठी ग्रंथांत विद्युत् भार म्हणूनही. हिंदीत ‘आवृत्ति’ म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या. मराठीत तिला वारंवारता म्हणतात आणि आवृत्ती पुस्तकाची निघते. ‘विकिरण’ हिंदीत उष्णतेच्या प्रारणाला म्हणतात, तर मराठी पुस्तकात आकाश निळे का दिसते याचा खुलासा विकिरणाने होतो. ही फारकत कशी झाली हे पाहावयाचे तर मराठीतून भौतिकशास्त्र शिकवण्याच्या उद्योगाचा सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास चाळावा लागतो. त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण दुर्गच्या अंगणातच घडलेले आहे.

आरंभ मुंबईत झाला. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस या लष्करी अभियंत्याने शास्त्री मंडळींच्या साहाय्याने गणिताची पुस्तके मराठीत आणली. हरी केशवजी यांनी ‘सिद्धपदार्थविज्ञानशास्त्रविषयक संवाद’ या भारदस्त नावाचे पुस्तक केले. नाव भारदस्त असले तरी रीत सोपी होती : प्रश्न विचारायचे आणि उत्तरे द्यायची. मराठीत या विषयाला प्रथम मिळालेले नाव ‘पदार्थविज्ञान’ हेच होय आणि ते कित्येक पिढ्या टिकले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकवीत, त्यांनी १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ हे मासिक सुरू केले आणि त्यात इतिहास-भूगोलाबरोबर सृष्टिशास्त्रांनाही जागा दिली. ‘शून्यलब्धि’ हे कलनशास्त्रावरचे त्यांचे पुस्तक पाहिले की या मंडळींची हाव किती मोठी होती ते कळते. वाचक तयार नाही, शब्द तयार नाहीत, छापखाने नुकते आलेले, आणि निघाले न्यूटनचे गणित मराठीत सांगायला!

या पिढीतील शाळामास्तरांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे नाव केरो लक्ष्मण छत्रे यांचे. ‘बाळमित्र’कार सदाशिव काशिनाथ छत्रे हे त्यांचे चुलते. केरूनानांना कुलाब्याच्या वेधशाळेत प्राध्यापक ऑर्लिबार यांच्या हाताखाली काम मिळाले तेव्हा ते किशोरवयातच होते. तेथे चुंबकसूचीचे आणि हवेचे वेध दिवसरात्र ठरावीक वेळी टिपले जात. पुढे ते पुण्याच्या कॉलेजात गणित आणि सृष्टिशास्त्राचे अध्यापक झाले. लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी. अंकगणिताची आणि पदार्थविज्ञानाची शालेय पुस्तके त्यांनी लिहिली. ज्याने स्वतः रात्री उठून यंत्रावरचे आकडे उतरवून घेतले आहेत अशा माणसाने मुलांसाठी पुस्तक लिहिणे ही गोष्ट तेव्हाही दुर्मीळ होती आणि आजही आहे.

कुलाब्याच्या त्या वेधशाळेचे पुढे जे झाले तो दहावीच्या ‘विद्युतधारेचे परिणाम’ या धड्याचा उत्तम दाखला आहे. विद्युतधारेभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते हे ओर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाने १८२० मध्ये दाखवले. वर्गात तारेजवळ होकायंत्र ठेवून सुई वळलेली पाहिली की तो प्रयोग संपतो. मुंबईत मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी विजेवर चालणाऱ्या ट्राम आणण्याचे ठरले, आणि वेधशाळेपुढे पेच पडला. ट्रामच्या तारांतून व रुळांतून जाणारी धारा वेधशाळेतल्या नाजूक चुंबकसूचींना हलवणार आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाची साठ वर्षांची नोंद तेथून पुढे निरुपयोगी होणार. तेव्हाचे संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी चुंबकीय वेधांसाठी अलिबागला नवी वेधशाळा उभारली. १९०४ पासून ती चालू झाली, काही काळ दोन्ही ठिकाणचे वेध जोडीने घेऊन एकमेकांशी ताडून पाहिले, आणि मगच कुलाब्याचे चुंबकीय काम थांबवले. अलिबागच्या इमारतीत लोखंड वापरलेले नाही. त्या नोंदींची साखळी आजही अखंड आहे. पाठ्यपुस्तकात ही हकीकत दोन ओळींत बसेल. तिच्यासाठी जागा काढायला हवी.

पण केरूनानांच्या हयातीतच मराठी भौतिकशास्त्राची वाट अरुंद झाली होती. मुंबईच्या शिक्षणमंडळात १८४७ च्या सुमारास सर अर्स्किन पेरी आणि जर्व्हिस यांचा प्रसिद्ध वाद झाला. उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे असे पेरींचे मत. ज्ञान देशभाषांतूनच लोकांपर्यंत पोहोचेल असे जर्व्हिस यांचे, आणि जगन्नाथ शंकरशेट त्यांच्या बाजूचे. अखेर पेरींची सरशी झाली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाल्यावर हायस्कूलची दिशा मॅट्रिक्युलेशनकडे, म्हणजे इंग्रजीकडे वळली. मराठीतले पदार्थविज्ञान प्राथमिक शाळेच्या वाचनमालेत आणि हौशी वाचकांच्या कपाटात राहिले. कोल्हापूरचे बाळाजी प्रभाकर मोडक यांनी रसायन, उष्णता, वीज अशा विषयांवर आयुष्यभर मराठीत ग्रंथ लिहिले. हायस्कुलात जो विषय इंग्रजीतून शिकवला जाई त्यावर मराठीत लिहिणारा हा माणूस कोणत्या वाचकाच्या भरवशावर लिहीत होता, असा प्रश्न पडतो. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या ‘ज्योतिर्विलासा’ला मात्र वाचक भरपूर मिळाले. १९२८ मध्ये पुण्यात ‘सृष्टिज्ञान’ मासिक निघाले आणि विज्ञान मराठीत वाचण्याची सवय टिकून राहिली. म्हणून विसाव्या शतकाच्या मध्याकडे हायस्कुलांत मातृभाषेतून शास्त्रविषय शिकवण्याची वेळ आली तेव्हा मराठीची पाटी अगदी कोरी नव्हती. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांचा ‘शास्त्रीय परिभाषा कोश’ १९४८ चा.

त्याच वर्षांत नागपुरात एक वेगळा कारखाना चालू होता. तेव्हाचा मध्यप्रांत व वऱ्हाड हा हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांचा प्रांत. नागपूर राजधानी, आणि दुर्ग हा त्यातलाच एक जिल्हा. प्रांताच्या विधानसभेचे अध्यक्ष घनश्यामसिंह गुप्त हे दुर्गचेच. पुढे राज्यघटनेच्या हिंदी अनुवादासाठी नेमलेल्या तज्ज्ञ समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. म्हणजे आज राज्यघटनेत वाचले जाणारे कित्येक हिंदी शब्द एका दुर्गवासीयाच्या नजरेखालून गेलेले आहेत. पंडित रविशंकर शुक्ल यांच्या सरकारच्या आश्रयाने डॉ. रघुवीर यांनी नागपुरात परिभाषेचे प्रचंड काम आरंभले. त्यांचा सिद्धांत स्पष्ट होता : संस्कृत धातू, उपसर्ग आणि प्रत्यय घेऊन प्रत्येक शास्त्रीय संज्ञेला भारतीय शब्द घडवता येतो, आणि तो सर्व भारतीय भाषांना सारखाच चालेल. हायड्रोजनला त्यांनी उदजन म्हटले, ऑक्सिजनला जारक, कार्बनला प्रांगार. मराठीत तोवर प्राणवायू, नत्र, कर्ब हे शब्द रुळले होते. रघुवीरांच्या अनेक शब्दांची पुढे थट्टा झाली, आणि त्यांनी न घडवलेले कित्येक विनोदी शब्दही त्यांच्या नावावर खपवले गेले. तरीही त्यांच्या योजनेत एक मोठी गोष्ट होती. ती पूर्णपणे यशस्वी झाली असती तर सुपेल्याच्या दोन मुलांना ‘लोलक’ शब्दावरून अडखळावे लागले नसते.

ती यशस्वी झाली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. दुर्ग, रायपूर, बिलासपूर हे जिल्हे नव्या मध्य प्रदेशात राहिले आणि राजधानी भोपाळला गेली. एका विधानसभेत बसून दोन भाषांसाठी एक परिभाषा ठरवण्याची सोयच संपली. १९६० मध्ये महाराष्ट्रात भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६१ मध्ये केंद्राने वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग नेमला, १९६७ मध्ये पुण्यात बालभारती सुरू झाली. दोन भाषांची दोन घरे झाली. गती, बल, त्वरण, संवेग, घर्षण, परावर्तन, अपवर्तन, विभवांतर हे शब्द दोन्ही घरांत सारखे राहिले. बाकीचे वेगळे झाले : मराठीत वस्तुमान, हिंदीत द्रव्यमान, मराठीत आकारमान, हिंदीत आयतन, मराठीत रोध, हिंदीत प्रतिरोध, मराठीत तरंगलांबी, हिंदीत तरंगदैर्घ्य.

या फारकतीत मराठी परिभाषेचा एक गुण उठून दिसतो. साध्या यंत्रांचा धडा घ्यावा. तरफ, टेकू, कप्पी, उतरण, पाचर, मळसूत्र : यांतला एकही शब्द मराठी घरातल्या मुलाला समजावून सांगावा लागत नाही. विहिरीवर कप्पी होती, लाकूड फोडताना पाचर मारली जात होती, कलत्या भिंतीला टेकू दिला जात होता. हिंदी पुस्तकात त्याच ठिकाणी उत्तोलक, आलंब, आनत तल असे शब्द येतात. ते निर्दोष आहेत, पण कोशातून आलेले आहेत. प्रकाशाच्या प्रकरणात आरसा, भिंग, नाभी. ध्वनीच्या प्रकरणात नादकाटा. हिंदीतला ‘स्वरित्र द्विभुज’ परीक्षेत लिहिताना मुलाची किती दमछाक होत असेल याची कल्पना करवते. उलट बाजूही सांगितली पाहिजे. अंतर्गोल आणि बहिर्गोल यांपेक्षा अवतल आणि उत्तल हे शब्द सुटसुटीत आहेत. आणि मराठीनेही सगळीकडे सोपेपणा राखलेला नाही. बर्फ वितळताना तापमान न वाढवता जी उष्णता शोषली जाते तिला विश्वकोशाने सुप्त उष्णता म्हटले, शालेय पुस्तकाने अप्रकट उष्मा. ‘विशिष्ट उष्माधारकता’ हा शब्द एका दमात उच्चारणारा विद्यार्थी विरळाच.

शब्दांबरोबर आकड्यांचे एककही बदलत गेले. स्वातंत्र्याच्या आगेमागे मॅट्रिकला बसलेल्या पिढीने फूट, पौंड आणि सेकंद यांत गणिते केली. त्वरण ३२ फूट प्रतिसेकंद प्रतिसेकंद असे पाठ केले. १९५६ च्या कायद्याने देशात दशमान मापे आली, मग पाठ्यपुस्तके सेंटिमीटर-ग्रॅमवर आणि पुढे मीटर-किलोग्रॅमवर गेली. ३२ चे ९.८ झाले. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्याही बदलली. १८८९ पासून पॅरिसजवळ जपून ठेवलेल्या धातूच्या दंडगोलाची जागा प्लांकच्या स्थिरांकाने घेतली. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत त्या दंडगोलाची ५७ क्रमांकाची प्रत आहे.

प्लांकचे नाव भिलईत घ्यायला एक खास कारण आहे. तापलेल्या पदार्थाचा उजेड तापमानानुसार कसा बदलतो, म्हणजे भट्टी आधी काळसर लाल, मग नारिंगी, मग पिवळसर पांढरी का दिसते, या प्रश्नाच्या मागे लागून मॅक्स प्लांक १९०० मध्ये आपल्या स्थिरांकापर्यंत पोहोचले. सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झालेल्या करारानुसार उभ्या राहिलेल्या भिलई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी केले. दल्ली-राजहऱ्याचे खनिज त्या भट्टीत वितळू लागले, आणि रसाच्या रंगावरून त्याच्या उष्णतेचा अंदाज बांधणारे कामगार या गावात राहू लागले. त्यांतल्या अनेकांची घरे विदर्भातून उठून आलेली होती. भट्टीचे तापमान दुरून, तिला स्पर्श न करता मोजणारे उत्तापमापी यंत्र याच तत्त्वावर चालते. मराठी दहावीच्या पुस्तकात ‘धातुविज्ञान’ हा रसायनशास्त्राचा धडा आहे आणि ‘उष्णता’ हा भौतिकशास्त्राचा. भिलईत हे दोन धडे एकाच आवारात भेटतात.

रुळांचे उदाहरण तर वर्गातच सोडवण्याजोगे आहे. उन्हाळ्यात रूळ लांबतात म्हणून दोन रुळांच्या मध्ये फट ठेवतात, हे वाक्य मराठी पाठ्यपुस्तकांच्या कित्येक आवृत्त्यांत आलेले. पोलादाचा एक मीटर लांबीचा तुकडा एक अंश सेल्सिअसने तापला तर मीटरच्या दशलक्षांश भागांपैकी सुमारे १२ भाग वाढतो. १३ मीटर लांबीचा रूळ ४० अंशांनी तापला की वाढ येते सुमारे सहा मिलिमीटर. जुन्या लोहमार्गावर गाडीचा जो ‘खडखड-खडखड’ ताल ऐकू येई तो या फटींचा. भिलईचा कारखाना आता २६० मीटर लांबीचे जोडरूळ बाहेर पाठवतो. त्यांना मोकळे सोडले तर तेवढ्याच तापमानवाढीने ते सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबतील. पण लोहमार्गावर बसवल्यावर त्यांना लांबू दिले जात नाही : काँक्रीटचे स्लीपर, त्यांवरचे चाप आणि भोवतालची खडी त्यांना जखडून धरतात. मग ती वाढ जाते कुठे? ती रुळाच्या अंगात ताण होऊन राहते, दर चौरस मिलिमीटरला सुमारे १०० न्यूटन. मीटरला ६० किलो वजनाच्या नेहमीच्या रुळात हा आकडा सुमारे ७५ टन वजनाइतक्या बलापर्यंत जातो. बंधन ढिले पडले तर रूळ वाकडा होतो; म्हणून उन्हाळ्याच्या दुपारी रेल्वेचे कामगार मार्गावर गस्त घालतात. सुपेल्याजवळून जाणारी मुंबई–हावडा गाडी आज पूर्वीइतका खडखडाट का करीत नाही, याचे उत्तर या दोन-तीन ओळींच्या गुणाकारात आहे. फटीचे जुने वाक्य तेवढे पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला ते सापडणार नाही.

मराठी माध्यमातील नववी-दहावीच्या आजच्या पुस्तकांत गतीचे नियम, कार्य आणि ऊर्जा, धाराविद्युत, प्रकाशाचे परावर्तन, ध्वनी, गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम, उष्णता, प्रकाशाचे अपवर्तन, भिंगे आणि अवकाश मोहिमा एवढा भाग येतो. यादी हरी केशवजींच्या काळापेक्षा फार वेगळी नाही. अवकाश मोहिमा आणि विद्युतचलित्र वगळले तर त्यांनाही ती बहुतेक ओळखीची वाटली असती. फरक पडला तो दहावीनंतरच्या वाटेत. महाराष्ट्रात गेल्या काही दशकांत ‘सेमी-इंग्रजी’ वर्ग वाढले आणि गणित-विज्ञान मराठी शाळेतच इंग्रजीतून शिकवले जाऊ लागले. छत्तीसगडमध्ये मराठीतून शिकलेल्या मुलापुढे दोन दारे असतात, हिंदीचे आणि इंग्रजीचे, आणि दोन्हींच्या आत शिरताना वस्तुमानाचे द्रव्यमान किंवा मास करून घ्यावे लागते. ज्याला वस्तुमान आणि वजन यांतला भेद मराठीत नीट कळला आहे, त्याला नवा शब्द शिकायला एक आठवडा पुरतो. ज्याने तो भेद केवळ पाठ केला आहे, त्याच्या हाती नव्या शब्दाबरोबर नवी घोकंपट्टी तेवढी येते. मराठी माध्यमाविषयीच्या वादात हा दुसरा विद्यार्थी नेहमी पुढे केला जातो आणि दोष भाषेला दिला जातो. तपासायला हवी ती प्रयोगशाळा : वर्षभरात किती मुलांनी स्वतःच्या हाताने टाचण्या रोवून काचेच्या वडीतून किरण काढला, हे.

जयंत नारळीकर यांचे शालेय शिक्षण वाराणसीच्या सेंट्रल हिंदू बॉइज स्कूलमध्ये हिंदीतून झाले. घरात मराठी, वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. घर मराठी आणि शाळा हिंदी ही सुपेल्यातल्या कित्येक मुलांची स्थिती आहे. १९५७ मध्ये ते केंब्रिजला गेले, तेथे फ्रेड हॉइल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला, परत येऊन पुण्यात ‘आयुका’ उभारली आणि विज्ञानकथा व आत्मचरित्र मराठीत लिहिले. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २००५ च्या आराखड्यानुसार विज्ञानाची नवी पुस्तके केली तेव्हा विज्ञान आणि गणिताच्या सल्लागार समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. केंद्रीय मंडळाच्या हिंदी शाळांत वर्षानुवर्षे चाललेल्या विज्ञानाच्या त्या पुस्तकांच्या पहिल्या काही पानांत त्यांचे नाव छापलेले आहे.